जागा कोणाची, खर्च कोणाचा, हुकूम कोणाचा?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे शत्रूपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा शत्रूपाशीच संपते. शत्रूबद्दल बोलणे तसे सोपे असते. तिथे आपली बाजू ठरलेली असते. आज मी मित्रांबद्दल बोलणार आहे. दोन देश शेजारी आहेत, त्यांच्यात मैत्री आहे, दोघांना एकाच संकटाची धास्ती आहे आणि म्हणून दोघांनी मिळून पहारा ठेवायचे ठरवले आहे. अशा पहाऱ्यात पैसा कोण घालतो, आणि जो घालतो त्याला त्या बदल्यात काय मिळते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

त्यासाठी मी निवडलेली जोडी आहे कॅनडा आणि अमेरिका. अलास्कासह मोजली तर या दोघांची सीमा ८,८९१ किलोमीटर भरते, आणि ती राखायला दोघांपैकी कोणाचेही सैन्य उभे नाही. भाषा बरीचशी एक, व्यापार एकमेकांत गुंतलेला, दोन्ही महायुद्धांत दोघे एकाच बाजूला. लोकसंख्येत मात्र एकास आठ-नऊ असे प्रमाण. मैत्री असूनही शेजाऱ्यांमधले संरक्षण किती नाजूक असते हे समजायला याहून चांगली जोडी मिळणे अवघड.

१८ ऑगस्ट १९३८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट कॅनडातल्या किंग्स्टन गावी क्वीन्स विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला आले होते. तिथल्या भाषणात त्यांनी जाहीर केले की, कॅनडाच्या भूमीवर दुसऱ्या कोणत्या साम्राज्याचा हात पडू लागला तर अमेरिका स्वस्थ बसणार नाही. अभय मिळाले म्हणून टाळ्या वाजवून विषय संपवता आला असता. पण कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग सावध गृहस्थ होते. दोनच दिवसांनी वुडब्रिज येथे त्यांनी जाहीर उत्तर दिले. चांगला शेजारी म्हणून आमच्यावरही काही जबाबदाऱ्या आहेत. आमच्या भूमीवरून, समुद्रातून किंवा आकाशातून शत्रूला अमेरिकेवर चालून जाता येऊ नये, हे पाहणे आमचे काम आहे, असा त्या उत्तराचा आशय होता.

किंग यांना त्या आश्वासनामागचे देणे दिसले होते. आपले अंगण आपण राखले नाही तर ते राखायला बलवान मित्र येणार. तो वाईट हेतूने येणार नाही, स्वतःच्या सुरक्षिततेसाठी येईल. पण एकदा आला की परत कधी जायचे हेही तोच ठरवील. नॉर्वेचे अभ्यासक नील्स ओर्विक यांनी १९७३ मध्ये या पेचाची नीट मांडणी केली. लहान राष्ट्राला शत्रूपासून जसे स्वतःला जपावे लागते, तसेच मदतीपासूनही जपावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. कॅनडाचा पुढचा सगळा संरक्षणखर्च या एका वाक्याच्या उजेडात पाहता येतो.

आपल्याकडे दोन भावांची सामाईक विहीर असते. विहीर एकाच्या हद्दीत, मोटर दुसऱ्याने बसवलेली, आणि पाण्याची पाळी कोणी ठरवायची यावर तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू. दोन राष्ट्रांच्या सामाईक पहाऱ्यालाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. जागा कोणाची? खर्च कोणाचा? आणि हुकूम कोणाचा? तिन्हींची उत्तरे एकाच नावाने आली तर ती भागीदारी नव्हे. आणि तीन उत्तरे तीन ठिकाणी गेली तर भांडण ठरलेलेच.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. ब्रिटनही पडले तर पुढे काय, ही चिंता उत्तर अमेरिकेत पसरली. कॅनडा १९३९ पासून युद्धात होता, अमेरिका अजून बाहेर होती. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डन्सबर्ग या गावी रूझवेल्ट यांच्या रेल्वेच्या डब्यात दोघे नेते बसले आणि १८ तारखेला एक छोटे निवेदन निघाले. त्यातून संरक्षणविषयक कायम संयुक्त मंडळ जन्माला आले. त्यावर ना संसदेची मोहोर होती, ना तहाचा मसुदा. एका वृत्तपत्रीय निवेदनावर उभे राहिलेले हे मंडळ आजही अस्तित्वात आहे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हाइड पार्कच्या जाहीरनाम्याने पैशाची बाजू जोडली गेली. युद्धसामग्रीसाठी अमेरिकेतून यंत्रे आणि सुटे भाग घेता घेता कॅनडाची डॉलरची गंगाजळी आटत चालली होती. तेव्हा अमेरिकेनेही कॅनडाकडून सामान घ्यावे आणि दोघांनी उत्पादन वाटून घ्यावे, असे ठरले.

मग पर्ल हार्बर झाले. अलास्का जपानच्या टप्प्यात आल्यासारखे वाटू लागले आणि १९४२ मध्ये कॅनडाच्या वायव्य भागातून अलास्कापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरचा रस्ता काढायचे ठरले. जागा कॅनडाची, पैसा अमेरिकेचा, राबणारे हात मुख्यतः अमेरिकी सैनिकांचे. त्यांची संख्या १० हजारांच्या वर होती. सात-आठ महिन्यांत रस्ता वाहता झाला. पण त्या भागात अमेरिकी माणसांचा असा सुळसुळाट झाला की एका अमेरिकी कचेरीत टेलिफोन उचलणारा ‘आर्मी ऑफ ऑक्युपेशन’ म्हणून उत्तर देई, असा किस्सा तिकडे सांगतात. तो थट्टेचा असेल, पण ओटावातल्या अधिकाऱ्यांना त्यात थट्टा दिसेना. युद्धाच्या अखेरीस कॅनडाने आपल्या भूमीवर अमेरिकेने बांधलेल्या विमानतळांसारख्या कायमच्या कामांचे पैसे चुकते केले. या रस्त्याचा कॅनडातला भागही १ एप्रिल १९४६ पासून कॅनडाच्या ताब्यात आला. फुकट मिळालेली धावपट्टी कॅनडाने विकत घेतली, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

शीतयुद्धात हे गणित फार मोठे झाले. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुबाँब फोडला. त्याची बाँबफेकी विमाने अमेरिकेवर येणार तर उत्तर ध्रुवावरून येणार, आणि तिथली वाट कॅनडाच्या आकाशातून जाते. म्हणून रडारच्या तीन माळा उभ्या राहिल्या. सर्वांत दक्षिणेची पाइनट्री दोघांच्या खर्चाने झाली. मधली, साधारण ५५ अंश अक्षांशावरची, कॅनडाने स्वतःच्या पैशाने बांधली. आणि आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, ६९ अंशांच्या आसपास, अलास्कापासून बॅफिन बेटापर्यंत गेलेली दूरस्थ पूर्वसूचनेची माळ अमेरिकेने बांधली. तिला ड्यू लाइन म्हणतात. १९५५ ते १९५७ या दोन-अडीच वर्षांत, जिथे बोटी जेमतेम काही आठवडे पोहोचतात अशा किनाऱ्यावर, हे काम पुरे झाले.

कॅनडाने परवानगी देताना अटी घातल्या. जमीन आमचीच राहील, कामात आमच्या कंपन्यांना वाटा हवा, वगैरे. पण ज्यांच्या त्या शिकारीच्या वाटा होत्या त्या इनुइट लोकांना कोणी फारसे विचारले नाही. केंद्रे बंद पडली तेव्हा मागे गंजलेली पिंपे, तेल आणि विषारी पीसीबी रसायने उरली. कॅनडाच्या संरक्षण खात्याला आपल्या वाट्याची २१ केंद्रे साफ करायला २०१४ पर्यंत काम करावे लागले आणि सुमारे साडेसत्तावन्न कोटी कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. अमेरिकेने १९९६ च्या समझोत्यात १० कोटी डॉलर देऊ केले, तेही अमेरिकी लष्करी सामानाच्या खरेदीत वळते करायचे होते. बांधताना खर्च त्यांचा होता. आवरायची वेळ आली तेव्हा मोठा भार जागेच्या मालकावर पडला. शेजाऱ्याच्या पैशाने बांधलेल्या गोष्टीचा हिशेब बांधकामापाशी संपत नाही.

आता हुकुमाकडे येऊ. १९५७ च्या जूनमध्ये जॉन डिफेनबेकर पंतप्रधान झाले. काही आठवड्यांतच लष्करप्रमुखांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला आणि मंत्रिमंडळात नीट चर्चा न होताच त्यांनी मान डोलावली. त्यातून नोराड ही दोन देशांची एकत्र हवाई संरक्षण यंत्रणा आली. सप्टेंबर १९५७ मध्ये काम सुरू झाले, औपचारिक करार मात्र मे १९५८ मध्ये झाला. मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जला. सेनापती नेहमी अमेरिकी, उपसेनापती नेहमी कॅनेडियन, आणि दोघांची निष्ठा दोन वेगळ्या सरकारांना. कागदावर ही रचना सुबक दिसते. तिची परीक्षा पाच वर्षांत झाली.

त्याआधी पैशाच्या आघाडीवर एक मोठा घाव बसला. टोरंटोजवळ माल्टनला एव्हरो कंपनी ‘अॅरो’ नावाचे स्वनातीत लढाऊ विमान बनवत होती. मार्च १९५८ मध्ये ते उडाले. पण खर्च आवाक्याबाहेर जात होता, परदेशी गिऱ्हाईक मिळत नव्हते, आणि यापुढे धोका विमानांपेक्षा क्षेपणास्त्रांचा आहे असे मत बळावले होते. २० फेब्रुवारी १९५९ रोजी डिफेनबेकर यांनी प्रकल्प रद्द केला. सुमारे १४ हजार कामगार एका दिवसात बेकार झाले. तयार विमाने आणि आराखडे नष्ट केले गेले. तीसएक अभियंते अमेरिकेच्या नासात गेले आणि त्यांतल्या काहींनी पुढे अवकाशयाने घडवली. कॅनडात आजही हा विषय काढला की माणसे हळहळतात.

अॅरो गेल्यावर कॅनडाच्या वाट्याला त्याच वर्षी संरक्षण उत्पादनाच्या वाटणीची व्यवस्था आली. कॅनेडियन कारखान्यांना अमेरिकी लष्कराच्या निविदांत अमेरिकी कारखान्यांच्या बरोबरीने उतरता येऊ लागले. जकात नाही, ‘अमेरिकी मालच घ्या’ हा नियम नाही. धंदा म्हणून हे सोन्याचे अंडे होते. अमेरिकी सैन्याची स्ट्रायकर चिलखती वाहने कॅनडातल्या लंडन शहरात बनली, ती याच परंपरेतून. पण तो कारखाना आज अमेरिकी कंपनीच्या मालकीचा आहे. अख्खे विमान घडवायचा हट्ट सोडून मोठ्या भावाच्या विमानाचे भाग घडवायचे, हा तो व्यवहार. त्यात पोट भरते, हुकूम मात्र हातातून निसटतो.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली. अध्यक्ष केनेडी दूरदर्शनवरून देशाशी बोलणार होते, त्याच्या काही तास आधी त्यांचा दूत ओटावात येऊन डिफेनबेकर यांना माहिती देऊन गेला. एकत्र पहारा ठेवणाऱ्या देशाशी सल्लामसलत व्हायला हवी होती. इथे फक्त कळवले गेले. डिफेनबेकर दुखावले. अमेरिकी सैन्य दक्ष झाले तरी कॅनडाची दक्षता त्यांनी दोन दिवस अडवून धरली. इकडे संरक्षणमंत्री डग्लस हार्कनेस यांनी पंतप्रधानांना न सांगता सैन्याला गुपचूप तयारीचा इशारा देऊन टाकला होता. हुकूम दोघांचा असे करारात लिहिलेले. प्रत्यक्षात तो एकाने काढला, दुसऱ्याने अडवला आणि तिसऱ्याने चोरून पाळला.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. अॅरोच्या जागी घेतलेली बोमार्क क्षेपणास्त्रे नॉर्थ बे आणि ला मकाझा येथे उभी होती, पण त्यांना लागणारी अमेरिकी अण्वस्त्रे घ्यायची की नाही यावर सरकारचा निर्णय होत नव्हता. जानेवारी १९६३ च्या अखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने पंतप्रधानांचे म्हणणे खोडणारे पत्रकच काढले. हार्कनेस यांनी राजीनामा दिला आणि ५ फेब्रुवारीला सरकार लोकसभेत पडले. एप्रिलमध्ये निवडून आलेल्या लेस्टर पिअर्सन यांनी ती अस्त्रे स्वीकारली. कॅनडाच्या भूमीवरचे शेवटचे अमेरिकी अण्वस्त्र जायला १९८४ साल उजाडले.

यावरून कॅनडा म्हणजे अमेरिकेचे मांडलिक असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. त्याच पिअर्सन यांनी २ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेच्याच भूमीवर, फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात, उत्तर व्हिएतनामवरचे बाँबहल्ले काही काळ थांबवावेत असे सुचवले. दुसऱ्या दिवशी कँप डेव्हिडला लिंडन जॉन्सन यांनी त्यांची गचांडी धरली. व्हिएतनामच्या शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात तेव्हा भारत अध्यक्ष होता आणि कॅनडा व पोलंड सदस्य होते. म्हणजे कॅनडा एका हाताने शांततेची पाहणी करत होता. दुसऱ्या हाताने, उत्पादनवाटणीच्या त्याच व्यवस्थेतून, त्याचे कारखाने अमेरिकेला युद्धसामग्री विकत होते. विक्री थांबवा अशी मागणी देशात झाली, सरकारने ती मानली नाही. तरीही सैन्य पाठवायला नकार दिला तो दिलाच. २००३ मध्ये इराकच्या वेळीही कॅनडाने ‘नाही’ म्हटले.

सर्वांत बोलका नकार मात्र २००५ चा. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी कवचात सामील व्हायला पॉल मार्टिन यांच्या सरकारने फेब्रुवारीत नकार दिला. पण त्याआधी ऑगस्ट २००४ मध्ये नोराडच्या करारात दुरुस्ती झाली होती, आणि नोराडची पूर्वसूचना त्या कवचाला वापरायची मुभा मिळाली होती. परिणाम असा की क्षेपणास्त्र येते आहे हे कॅनेडियन अधिकारी पाहतो, सांगतो. ते पाडायचे की नाही हे ठरताना मात्र त्याला आवाज नाही. डोळे सामाईक, हात एकाचा. नकार देऊन कॅनडाने आपले हात स्वच्छ ठेवले, पण ज्या खोलीत निर्णय होतो तिच्यातली खुर्चीही सोडली.

मधल्या काळात खर्चाची विभागणी सुधारली होती. १९८५ मध्ये ब्रायन मल्रोनी आणि रोनाल्ड रेगन यांनी ड्यू लाइनच्या जागी नवी रडारव्यवस्था आणायचे ठरवले, आणि तिच्यात अमेरिका ६० टक्के, कॅनडा ४० टक्के असा वाटा ठरला. गंमत अशी की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘पोलर सी’ हे अमेरिकी बर्फफोडे जहाज कॅनडाची रीतसर परवानगी न मागता वायव्य मार्गातून गेले. त्या पाण्याला कॅनडा आपले म्हणतो, अमेरिका आंतरराष्ट्रीय म्हणते. मार्चमध्ये मित्राने तुमच्या आकाशाच्या राखणीत पैसे घालायचे मान्य करावे आणि ऑगस्टमध्ये तुमच्या पाण्यावरचा हक्क नाकारावा, यात त्याला विसंगती वाटत नाही. मैत्री आणि मालकी ही दोन खाती तो वेगळी ठेवतो. आपणही ठेवायला शिकले पाहिजे.

आता अलीकडचे. जून २०२२ मध्ये संरक्षणमंत्री अनिता आनंद यांनी नोराडच्या आधुनिकीकरणासाठी २० वर्षांत ३८.६ अब्ज कॅनेडियन डॉलरची योजना जाहीर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये युकॉनवर उडणारी एक अज्ञात वस्तू अमेरिकी एफ-२२ विमानाने पाडली, आणि ती पाडायचा आदेश कॅनडाच्या पंतप्रधानांनी दिला होता. १९६२ शी तुलना केली तर यंत्रणा किती मुरली होती ते दिसते. जागा कॅनडाची, विमान अमेरिकेचे, आणि हुकुमावरून वाद नाही.

आणि मग २०२५ उजाडले. डोनाल्ड ट्रंप कॅनडाला ५१ वे राज्य म्हणू लागले, आयातशुल्के लादली गेली. मे महिन्यात त्यांनी ‘गोल्डन डोम’ या नव्या क्षेपणास्त्र कवचात येण्याची किंमत कॅनडाला सांगितली, ६१ अब्ज डॉलर. राज्य झालात तर फुकट. संयुक्त राष्ट्रांतले कॅनडाचे तेव्हाचे राजदूत बॉब रे यांनी याला संरक्षणाच्या नावाने मागितलेली खंडणी ठरवले. पंतप्रधान मार्क कार्नी यांनी जूनमध्ये सांगितले की संरक्षणातल्या भांडवली खर्चाचा तीन चतुर्थांश भाग अमेरिकेत जातो, आणि हे असे चालू देता येणार नाही. आर्क्टिकवर क्षितिजापलीकडे पाहणारे रडार ते ऑस्ट्रेलियाबरोबर बांधत आहेत, ६ अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक खर्चून. ८८ एफ-३५ विमानांच्या खरेदीचा फेरविचार मांडला गेला. तिचा अंदाज १९ अब्जांवरून २७.७ अब्जांवर गेल्याचे त्यांच्याच महालेखापालांनी दाखवून दिले होते. युरोपीय संघाबरोबर संरक्षण भागीदारीवर सह्या झाल्या. यातले रडार तर नोराडच्याच कामाचे आहे. म्हणजे कॅनडा पहारा सोडत नाही. पहाऱ्याचे सामान एकाच दुकानातून घ्यायची सवय मोडू पाहतो आहे.

श्रोतेहो, इथवर ऐकताना तुमची सहानुभूती कॅनडाकडे गेली असेल. माझीही जाते. पण आपल्या शेजाराकडे पाहा. तिथे आपण कॅनडाच्या खुर्चीत बसलेलो नाही. भूतानमध्ये १९६१ पासून आपल्या सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प रस्ते बांधतो, ‘हा’ नावाच्या खोऱ्यात आपले लष्करी प्रशिक्षण पथक आहे. १९४९ च्या तहात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचे कलम होते. २००७ मध्ये ते काढले गेले आणि मैत्री तसूभरही कमी झाली नाही. उलट दहा वर्षांनी डोकलाममध्ये ती कसाला लागली आणि टिकली. नेपाळच्या उत्तर सीमेवरच्या चौक्यांतून आपली माणसे १९६९-७० मध्ये नेपाळच्या सांगण्यावरून परत आली. मालदीवला आपण हेलिकॉप्टरे आणि डॉर्नियर विमान दिले, ती मुख्यतः रुग्ण हलवायला आणि समुद्रावर नजर ठेवायला वापरली जात. पण ती चालवणारे गणवेशातले होते, आणि ‘इंडिया आउट’ची हाक देणाऱ्यांना तेवढे पुरले. मे २०२४ पर्यंत ते सैनिक परत आले, त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले आणि विमाने तिथेच राहिली. आपला हेतू चांगला होता, असे आपण म्हणतो. अलास्काचा रस्ता बांधणाऱ्यांचाही हेतू चांगलाच होता.

म्हणून मी माझे म्हणणे दोन्ही बाजूंनी मांडतो. लहान शेजाऱ्याने सामाईक संरक्षणात पदरमोड करून पैसा घालावा, कारण त्या पैशाने बंदुकांबरोबरच ‘नाही’ म्हणण्याचा हक्कही घेतला जातो. जिथे कॅनडाने पैसे मोजले तिथे धावपट्ट्या त्याच्या झाल्या. जिथे मोजले नाहीत तिथे परकी अस्त्रे आणि विषारी पिंपे त्याच्या पदरात पडली. आणि मोठ्या शेजाऱ्याने हे समजून घ्यावे की त्याने घातलेला पैसा आज्ञाधारकपणाची फी नाही. १९६५, २००३ आणि २००५ मध्ये कॅनडाने तोंडावर नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोतला कॅनेडियन अधिकारी नेहमीप्रमाणे कामावर हजर होता. सहा दशकांहून अधिक काळ ही यंत्रणा टिकली ती या सहनशीलतेवर. २०२५ मध्ये धक्का बसला तो ती सहनशीलताच आटल्यामुळे.

दिल्लीने शेजारी देशात पुढचे रडार, पुढचा धक्का, पुढची धावपट्टी जाहीर केली की आपण वर्तमानपत्रात किती कोटींची ते वाचतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायची सवय नागरिक म्हणून आपण लावून घेतली पाहिजे. ती चालवण्याचा हुकूम कोणाचा राहणार? आणि उद्या त्या देशाने नकार दिला तर तो ऐकून घेण्याची तयारी आपण करारात लिहिली आहे का? तशी तयारी नसेल, तर ती गुंतवणूक कितीही मोठी असली तरी कच्ची आहे, असे समजावे.